सगळे दिवे एकदम लागतात तेव्हा

आम्ही दांडीच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आजचा विषय आहे गाडी. हसू नका. आपल्या गटांतून शिलाई मशीन आणि शेळीसारखं आता टेम्पोला, रिक्षाला, गाडीलाही कर्ज जातं. गाडी दारात उभी राहिली की हप्ता थांबतो, आणि हप्ता थांबला की ते दुखणं सगळ्या गटाचं होतं.

आमच्या गटातल्या एका ताईच्या मुलाने लग्नाच्या वरातींसाठी जुनी, मोठी, उंची गाडी घेतली. २०११ चं मॉडेल. पुण्यात १९९५ पासून मर्सिडीज जोडल्या जाऊ लागल्या, मागून इतर कंपन्या आल्या. त्या काळी पंचवीस-तीस लाखांना घेतलेल्या गाड्या आता जुन्या होऊन नव्या छोट्या गाडीपेक्षाही कमी भावात मिळतात. घेताना स्वस्त, पण सुटे भाग मात्र अजून त्या पंचवीस लाखांच्या गाडीचेच. परवाना रीतसर काढला, गटाने कर्ज दिलं, पहिल्या हंगामात हप्ते वेळेवर आले.

जूनचा पाऊस सुरू झाला आणि स्टिअरिंगपुढच्या पट्टीवर दिवे लागायला लागले. एबीएसचा दिवा, एअरबॅगचा दिवा, बॅटरीची खूण, कधी ‘स्टिअरिंग तपासा’ असा मजकूर. चारही एकदम. अर्ध्या तासाने विझायचे. गॅरेजला नेली की एकही दिवा नाही. मुलाने एका गॅरेजात दाखवली. त्यांनी चाकाजवळचा एक सेन्सर बदलला, १८,५०० रुपये घेतले. आठ दिवसांनी पुन्हा तेच दिवे. मग ते म्हणाले, आता कॉम्प्युटर बदलावा लागेल, ६२,००० होतील. ताई गटाकडे दुसरं कर्ज मागायला आली. तुळशीचं लग्न लागलं की वराती सुरू होणार, त्याआधी गाडी नीट हवी. आणि हा आकडा आमच्या गटाच्या पेटीतल्या निम्म्या शिलकीएवढा होता.

आम्ही लगेच हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. म्हटलं, आधी पंधरा दिवस वही लिहा.

जो बिघाड येतो-जातो तो गॅरेजमध्ये हजर नसतो. तो कधी आला हे फक्त गाडी चालवणाऱ्याला माहीत असतं. म्हणून शंभर पानी वही गाडीत ठेवली आणि मुलाला सांगितलं, दिवा लागला की गाडी थांबवून लिही. तारीख, वेळ, पाऊस होता का, गाडी थंड होती की तापलेली, त्या वेळी काय काय चालू होतं (हेडलाइट, वायपर, एसी), रस्त्यात खड्डा लागला का, आणि कोणते दिवे लागले. फोनवर पट्टीचा फोटोही काढायचा, कारण नंतर चूल विझल्यावर धूर दाखवता येत नाही.

पंधरा दिवसांत अकरा नोंदी झाल्या. बैठकीत वही मोठ्याने वाचली. अकरापैकी नऊ वेळा सकाळी पहिल्यांदा चावी फिरवल्यावर, आणि आदल्या रात्री पाऊस. दोन वेळा संध्याकाळी बोईसरहून येताना, हेडलाइट, वायपर आणि एसी तिन्ही चालू असताना. कोरड्या दुपारी एकदाही नाही. खड्ड्याशी काही संबंध नाही. आणि दर वेळी चारही दिवे सोबत, एकटा कधीच नाही.

इथे आमच्यातली एक काकी बोलली ते आम्हाला फार पटलं. ती म्हणाली, एका घरातली लाइट गेली तर त्या घरातली तार बघतो. सगळ्या आळीची गेली तर घरोघर बल्ब बदलत फिरतो का? डीपीकडे जातो. चार दिवे म्हणजे ब्रेक, एअरबॅग, स्टिअरिंग आणि बॅटरी. हे चारही भाग एकाच पावसाळी रात्री खराब होऊन दुपारी आपोआप बरे कसे होतील? या चौघांचं सामाईक काय, ते शोधायला हवं. सामाईक म्हणजे वीज येण्याची वाट आणि वीज परत जाण्याची वाट.

परत जाण्याची वाट म्हणजे अर्थिंग. गाडीत बॅटरीच्या प्लसपासून तारा जातात, पण परत यायला वेगळी तार नसते. गाडीचा लोखंडी सांगाडाच परतीची तार असतो, आणि बॅटरीचा मायनस एका जाड पट्टीने सांगाड्याला बोल्टने जोडलेला असतो. त्या बोल्टखाली गंज धरला की वीज अडखळते. स्टार्टर फिरताना सगळ्यात जास्त वीज लागते, तेव्हा बाकी भागांना कमी व्होल्ट मिळतात. ते घाबरून दिवा लावतात. भाग मेलेला नसतो, उपाशी असतो.

गंज आपल्याकडे लवकर का धरतो, हे किनाऱ्यावरच्या बाईला सांगायला नको. आषाढात बरणीतलं मीठ पाणी सोडतं ना? मीठ हवेतलं पाणी ओढतं. खारं वारं गाडीच्या प्रत्येक सांध्यात मीठ नेऊन ठेवतं, पावसात ते ओलं होतं, उन्हात सुकतं. म्हणून दुखणं येतं-जातं. आमचे तांडेल बोटीच्या बॅटरीचे खिळे ग्रीस लावून झाकतात ते याचसाठी. पाच मैल समुद्रात इंजिन चालू झालं नाही तर तिथे कोणतं गॅरेज?

मग ओळखीच्या वायरिंगवाल्या दादांना बोलावलं. त्यांनी आधी स्कॅनर लावला. आम्ही म्हटलं, दादा, काही खोडू नका, आधी कागदावर लिहून द्या. चुकीचा कोड खोडला की दिवा विझतो, पण मागही पुसला जातो. बॅटरीची तार काढली तरी पुष्कळ गाड्यांत तेच होतं. कागदावर तीन वेगवेगळ्या भागांच्या नावापुढे एकच तक्रार होती, व्होल्टेज कमी. कोड फक्त कोणी ओरडलं ते सांगतो. कोणामुळे ओरडलं ते आपण शोधायचं.

नंतर मीटर. साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो, गटाने एक घेऊन ठेवावा असं आमचं मत आहे. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू झालं की साधारण १३.८ ते १४.५. आमची १२.५ आणि १४.१ होती, म्हणजे बॅटरी ठीक, आल्टरनेटर ठीक. दोन महागड्या वस्तू तिथेच यादीतून गेल्या.

या मोठ्या गाड्यांत बॅटरी बहुधा बॉनेटखाली नसते, डिकीत किंवा मागच्या सीटखाली असते. आमची डिकीत. दादांनी मीटरची एक काडी बॅटरीच्या मायनस खिळ्यावर ठेवायला आमच्यातल्या एकीला सांगितलं, दुसरी सांगाड्याच्या खरवडलेल्या लोखंडावर. मुलाने चावी फिरवली. हा आकडा व्होल्टच्या दोन-तीन दशांशांवर जायला नको. आमचा १.४ गेला. ताई मागून विचारत होती, जास्त म्हणजे चांगलं ना? नाही गं बाई, इथे जास्त म्हणजे वाटेत सांडलेलं.

गालिचा उचलला तर डिकीच्या तळाला पाणी होतं. मुलगा ताबडतोब म्हणाला, मी मासळीचा डबा कधीच ठेवू दिला नाही! खरं होतं. डिकीच्या दाराचं रबर फाटलं होतं, पावसाचं पाणी तिथून उतरत होतं आणि अर्थिंगचा बोल्ट त्यात उभा होता.

दादांनी आधी मायनस तार काढली. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी, म्हणजे पाना लोखंडाला लागला तरी ठिणगी उडत नाही. बोल्टची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, नवी पट्टी लावली, वरून ग्रीस. बॅटरीच्या खिळ्यांवरची पांढरी-हिरवी भुकटी खायचा सोडा गरम पाण्यात घालून धुतली. रबर बदललं. पुन्हा मीटर लावला, आकडा ०.१. मग कोड खोडले. सगळे मिळून ३,७०० रुपये, आणि तेवढंच कर्ज गटाने दिलं.

काही गोष्टी मात्र घरी करू नका. पिवळ्या आवरणातल्या तारा एअरबॅगच्या असतात, तिथे मीटरही लावायचा नाही, जोड ओढून बघायचा नाही. फ्यूज उडत असेल तर मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालू नका, तार जळते आणि मग गाडी जळते. दिव्याचा बल्बच काढून टाकणारेही असतात. त्यांना पैसे देऊ नका. लाल दिवा, म्हणजे तेलाचा, पाणी तापल्याचा किंवा ब्रेकचा, लागला तर गाडी बाजूला घेऊन बंदच करायची, तिथे वही नंतर. पिवळा असेल तर सावकाश घरी नेता येते.

हे लिहीपर्यंत तुळशीच्या लग्नानंतरच्या सहा वराती झाल्या. वही अजून गाडीत आहे. तीत नवी नोंद एकच, मागच्या मंगळवारी, कोरड्या दुपारी, मोठा खड्डा लागल्यावर एबीएसचा दिवा लागला आणि लगेच विझला. एकटाच. म्हणून या वेळी दादा डिकी न उघडता चाकाजवळची तार बघणार आहेत.