डावीकडचे जग



आपल्याकडे पान कसे वाढावे हे ठरलेले असते. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. आता अशी कल्पना करा की, अर्धांगवायूच्या झटक्यातून उठलेले एक आजोबा जेवावयास बसले आहेत. उजवीकडची भाजी ते संपवतात आणि सुनेवर रागावतात, "चटणी का वाढली नाही?" चटणी तर पानात आहेच. सून ताट फिरवून देते, तेव्हा ते मुकाट्याने चटणी खाऊ लागतात. घरात कोणी म्हणते, म्हातारा हेकट झाला. कोणी म्हणते, नजर गेली. आम्हांस आज सांगावयाचे आहे ते हे की, बहुधा या दोन्ही गोष्टी खऱ्या नव्हेत.

मेंदूच्या उजव्या भागास इजा झाली म्हणजे पुष्कळदा डावीकडचे जगच माणसाच्या लक्षातून निघून जाते. डोळे शाबूत असले तरी अवधान तिकडे वळत नाही. असा रोगी अर्धीच दाढी करतो, डाव्या खांद्याने चौकटीवर आदळतो. 'बारामती' ही पाटी तो 'मती' अशीही वाचील. आणि आपले काही चुकते आहे, हेच पुष्कळदा त्यास कळत नाही. मेंदूचा डावा गोलार्ध मुख्यतः उजवीकडे लक्ष पुरवतो, उजवा मात्र दोन्हीकडे, असे मानतात. म्हणून उजवा बिघडला की डावीकडची राखण करणारा कोणी उरत नाही.

हा दोष नुसत्या डोळ्यांचा नव्हे, हे इटलीतील बिसियाक व लुझात्ती यांनी १९७८ साली दाखविले. मिलानच्या दोन रोग्यांना त्यांनी गावातला मोठा चौक मनात आणावयास सांगितले. चर्चकडे तोंड करून उभे आहोत असे कल्पून रोग्यांनी मुख्यतः उजवीकडच्याच इमारती सांगितल्या. मग चर्चकडे पाठ केल्याची कल्पना करावयास लावताच मघाशी गाळलेल्या इमारती त्यांना आठवल्या!

आपल्या मुलखात पाहा. बारामतीहून इंदापूरकडे निघालात की उजव्या अंगाला नीरा व वालचंदनगर, डाव्या अंगाला भिगवण, उजनीचे पाणी, भीमा. असा रोगी मनाने जाताना नीराकाठ सांगेल, भीमा गाळील; परतताना भीमा सांगेल, नीरा गाळील. नरसिंगपूरला या दोन्ही नद्या मिळतात. त्याच्या मनात मात्र त्या एका वेळी दिसत नाहीत.

दुसरे लक्षण पुनरावृत्तीचे. कागदावर विखुरलेल्या रेघा देऊन प्रत्येक रेघ काटावयास सांगितली, तर रोगी उजवीकडच्या काटतो, डावीकडच्या सोडतो. आणि काही जण काटलेल्याच रेघेवर पुनःपुन्हा पेन्सिल फिरवतात. लक्ष तेथे जणू चिकटून बसते. अमेरिकेत १९८८ साली असे आढळले की, रेघ काटण्याऐवजी खोडरबराने पुसावयास सांगितली, तर रोग्यास डावीकडच्या रेघा अधिक सापडतात. उजवीकडे ओढून धरणारे काही उरले नाही, म्हणजे अवधान मोकळे होते.

घरच्यांनी यातून काय घ्यावे? जेवताना उजवीकडची रिकामी वाटी उचलावी, तिकडचा टीव्ही बंद करावा. वाचताना पानाच्या डाव्या कडेला लाल फीत लावावी व 'येथून आरंभ करा' असे सांगावे. गप्पा मारावयास डावीकडे बसावे; परंतु पाणी, घंटी अशा निकडीच्या वस्तू उजवीकडेच असाव्यात. रस्ता एकट्याने ओलांडू देऊ नये. पहिल्या काही आठवड्यांत व महिन्यांत पुष्कळांना बराच गुण येतो. काहींचा दोष मागे राहतो. मेंदूच्या डॉक्टरांना हे लक्षण आवर्जून सांगावे, कारण रोगी स्वतः ते सांगणार नाही.

आणि रागावू नये. आजोबा चटणी नाही म्हणतात, तेव्हा ते खोटे बोलत नसतात. त्यांच्यापुरती ती खरोखरच नसते. ताट फिरवून द्यावे, एवढेच आपले काम.