मान्सून आला, पण आपल्या शिवारात आला का?



मागच्या हंगामात जून सरत असताना मौद्याजवळच्या गावचे एक काका माझ्याकडे आले. म्हणाले, "साहेब, मान्सून महाराष्ट्रात आला असं बातम्यांत ऐकलं. एक सर आली अन् सोयाबीन पेरून टाकलं. दहा दिवस झाले, थेंब नाही." बातमी खोटी नव्हती. पाऊस आला होता, पण कोकणात. काकांना बियाणं दुसऱ्यांदा घ्यावं लागलं. म्हणून आज जागोजागचं हवामान वेगळं का असतं, ते पाहू.

पहिलं कारण सूर्याचं. किरणं सरळ पडली की जमीन जास्त तापते. तिरपी पडली की तेच ऊन जास्त जागेवर पसरतं. म्हणून युरोपच्या उत्तरेला थंडी. आपल्याकडे मेच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन नवतप्यात, बारा वाजून दहाएक मिनिटांनी अंगणात काठी उभी करा. एक दिवस असा येतो की काठीला सावलीच राहत नाही.

पण नुसत्या सूर्यानं भागत नाही. आपलं नागपूर, हजयात्रेचं मक्का शहर आणि पॅसिफिक महासागरातलं होनोलुलू ही तिन्ही विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे २१ अंशांवर आहेत. सूर्य तिघांना सारखाच. तरी मक्केला पाऊस नावापुरता. होनोलुलूला चहूकडे पाणी, तिथं उन्हाळ्यातही पारा ३५ अंशांवर सहसा जात नाही. आणि नागपूरनं मे २०१३ मध्ये ४७.९ अंश पाहिले, तर डिसेंबर २०१८ च्या अखेरीस ३.५ अंश! चुलीवरचा तवा आणि पाण्याचा गंज आठवा. तवा लवकर तापतो, लवकर निवतो. पाण्याला दोन्हीला वेळ लागतो. आपण समुद्रापासून लांब, म्हणजे तव्यावरच बसलेलो.

तिसरं कारण डोंगराचं. अरबी समुद्राकडून येणारे ढग सह्याद्रीवर चढतात, गार होतात आणि बरेचसे तिथंच रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. त्याच सातारा जिल्ह्यातला माण तालुका मात्र दुष्काळी.

मग आपल्याला हजार मिलिमीटर पाऊस देतो कोण? बराचसा बंगालचा उपसागर. तिथं कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की ते ओडिशा, छत्तीसगडवरून आपल्याकडे सरकतं आणि झड लागते. म्हणून कोकणात कोसळत असताना मौदा कोरडा राहू शकतो, आणि मुंबईला उघाड असताना कन्हान दुथडी भरून वाहू शकते.

एल निनोचं नाव तुम्ही ऐकता. पॅसिफिकचं पाणी पेरू देशाच्या बाजूला नेहमीपेक्षा जास्त तापतं, त्याला हे नाव. २००९ आणि २०१५ साली देशात पाऊस तुटला, तेव्हा एल निनो होता. पण १९९७ साली तो फार जोराचा असूनही देशाच्या पावसानं सरासरी गाठली. तेव्हा नुसत्या नावानं घाबरून पेरणी सोडू नका.

नागपूरकडे मान्सून साधारण जूनच्या मध्याला पोचतो, कधी आणखी उशिरा. सोयाबीन, तूर, कापूस कोरडवाहू असेल तर ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन वीतभर ओली झाल्यावरच पेरा. धानवाल्यांनी विहिरीचं पाणी असेल तर पऱ्हे आधी टाकावे. रोवणी मात्र बांधीत पाणी साचल्यावर.

आणि पाऊस मोजायला तालुक्याच्या आकड्यावर विसंबू नका. या शिवारात पडतो, त्या शिवारात पडत नाही. सपाट बुडाचा, सरळ उभ्या कडांचा डबा झाडापासून दूर, उघड्यावर पक्का बसवा. रोज सकाळी आत पट्टी उभी धरा. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. आकडा वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. फक्त बैल त्यात तोंड घालणार नाही असं पाहा, नाही तर हिशेब चुकायचा.