समृद्धी आणि तिचा वाटा
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी अर्थशास्त्राची चर्चा काहीशी रुक्ष वाटेल. परंतु ज्या बंगळूर नगरीने आपणांस भाकरी दिली, तिच्या समृद्धीचा हिशोब मांडणे हीही एक प्रकारची कृतज्ञताच होय.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने येथे विमानांचा कारखाना काढला. स्वातंत्र्यानंतर टेलिफोन, यंत्रे, घड्याळे यांचे सरकारी कारखाने उभे राहिले. तेथील नोकरी म्हणजे केवळ पगार नव्हता. वसाहत, शाळा, दवाखाना आणि म्हातारपणाची तरतूद ही सारी त्या पगारामागोमाग येत.

पुढे १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स येथे आली आणि १९९१ नंतर परदेशी भांडवलाला दारे खुली झाली. जगाचे काम बंगळूरच्या मेजावर येऊन पडू लागले. आपल्यापैकी अनेकांच्या घरांत त्यामुळे सुबत्ता नांदते आहे, हे मी कसे नाकारू? पण त्याच इमारतीत संगणकतज्ज्ञाचे नाव कंपनीच्या पटावर असते, तर झाडणाऱ्या बाईचे कंत्राटदाराच्या वहीत.

म्हणून सारा दोष जागतिकीकरणाच्या माथी मारणे हे अर्धसत्य ठरेल. बाजारपेठ जगाची असली, तरी वाटणी ठरते ती इथल्या कायद्यांनी आणि इथल्या संस्थांच्या सचोटीने. एप्रिल २०१६ मध्ये परदेशी दुकानांसाठी कपडे शिवणाऱ्या हजारो स्त्रिया येथील रस्त्यांवर उतरल्या. भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, असा नियम झाला होता. अडीअडचणीला तोच त्यांचा आधार! सरकारला तो नियम मागे घ्यावा लागला. तसेच, वर्षानुवर्षे नगर झाडणाऱ्या बारा हजारांहून अधिक पौरकार्मिकांना १ मे २०२५ रोजी कायम नेमणुकीची पत्रे मिळाली. काम तेच, झाडूही तोच. संस्थेने नाते बदलले आणि माणसाच्या पायाखाली जमीन आली.

मित्रहो, आपले मंडळ हीही एक संस्थाच आहे, आणि आपले घर ही तिच्याहूनही जुनी. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईंना आठवड्याची सुट्टी मिळते काय? आजारपणात त्यांचा पगार कापला जातो काय? मंडळाच्या सभागृहाचा पहारेकरी कोणाच्या वहीत आहे? मुलुख सोडून पोटासाठी आलेल्यांच्या व्यथा आपण जाणतो, कारण आपले वाडवडीलही तसेच आले होते. महोत्सवाचा जमाखर्च लिहिताना एवढे तीन प्रश्न आपण त्यात नोंदवावेत, ही माझी नम्र विनंती आहे.