माझ्या मुलाला खेळवत का नाहीत?
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



खेळावर बोलावयास उभे राहिलेले वक्ते बहुधा शरीर आणि मन यांच्या आरोग्यापासून सुरुवात करतात. ते मी आज टाळतो. पुष्कळ पालक जो प्रश्न सरांना विचारत नाहीत, पण घरी जेवताना रोज बोलतात, तोच घेतो. मुलगा कॉलेजच्या बास्केटबॉल संघात निवडला गेला. आपण एस.टी.ने नगरला सामना पाहावयास गेलो, आणि चिरंजीव सबंध सामना बाकावर! मग मनात येते, इथे वशिला चालतो. तिथे आपले कोणी नाही, म्हणून आपला मुलगा मागे. हा संशय प्रत्येक वेळी खोटाच असतो, असे मी म्हणणार नाही. पण तेथवर पोहोचण्याअगोदर प्रशिक्षक काय पाहतो, ते ऐकून घ्या.

प्रथम हिशोब. दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर, मैदानावर पाच खेळाडू. म्हणजे वाटावयास एकूण 200 मिनिटे. बारा जणांत सारखी वाटली तर प्रत्येकाला 16 मिनिटे 40 सेकंद येतात. परंतु सामना म्हणजे रेशन दुकान नव्हे. कोणाला तीस मिनिटे मिळतात, कोणाला तीन, आणि कोणाला काहीच नाही.

प्रेक्षक बास्केट मोजतात. प्रशिक्षकाचे लक्ष बहुधा दुसरीकडे असते. हातातला चेंडू गेला की मुलगा कपाळावर हात मारून उभा राहतो, की मागे वळून बचावाला धावतो? स्वतः फेकण्याजोगी जागा असताना, अधिक मोकळ्या सोबत्याला पास देतो का? दोन प्रतिस्पर्धी अंगावर आले तर घाबरतो का? दहा गुण करणारा मुलगा बचावात चौदा गुण देत असेल, तर संघाच्या खात्यावर चार गुणांचे कर्ज झाले. गॅलरीतून ते दिसत नाही.

फाउलचे गणितही पुष्कळांना ठाऊक नसते. पाच वैयक्तिक फाउल झाले की खेळाडू त्या सामन्यापुरता बाद. म्हणून मध्यंतरापूर्वीच कोणाचे तीन फाउल झाले, तर शहाणा प्रशिक्षक त्याला बाहेर घेतो. ती शिक्षा नसते, शेवटच्या क्वार्टरसाठी केलेली शिल्लक असते. तसेच अखेरच्या दोन मिनिटांत पिछाडीचा संघ मुद्दाम फाउल करतो. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल भरले की त्यापुढच्या फाउलवर समोरच्याला फ्री-थ्रो मिळतात. तेव्हा ज्याचे फ्री-थ्रो सरावात चुकत नाहीत, असा एरवी साधा वाटणारा मुलगाही आत येतो आणि उंचापुरा बाहेर बसतो. पालक म्हणतात, सरांचे डोके फिरले!

हे सारे ठरते सामन्याच्या आधी, रोजच्या सरावात. जो नियमित येतो त्याला संघाच्या चाली पाठ होतात. न येणाऱ्यामुळे इतर चौघे चुकतात. रमजानात सराव झेपत नसेल, परीक्षा असेल, दुकानावर बसावे लागत असेल, तर मुलाने अगोदर सांगावे. सांगून न येणे आणि न सांगता न येणे यांत प्रशिक्षक फार मोठा फरक करतो. मुलींच्या बाबतीत तर हे आपल्याच हातात आहे. अंधार पडतो म्हणून तिला सरावाला पाठवावयाचे नाही आणि मग तिला खेळवत नाहीत म्हणून रागवावयाचे, हे बरोबर नाही. चार पालकांनी मिळून सकाळची वेळ मागावी.

थांबणे थोरांनाही चुकलेले नाही. पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने जगाला माहीत झालेला खेळाडू 1965 साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात दाखल झाला. त्या काळी तिकडे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात खेळता येत नसे. त्याच्या नवख्या संघाने विद्यापीठाच्या विजेत्या मुख्य संघाला 75-60 असे हरविले, तरी वर्षभर तो बाहेरच राहिला.

आपल्या जिल्ह्यातलेच पाहा. संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द येथे जन्मलेला अजिंक्य रहाणे 2011 साली कसोटी संघात निवडला गेला, आणि पहिली कसोटी खेळला मार्च 2013 मध्ये. क्रिकेटमध्ये बदली खेळाडूला क्षेत्ररक्षण करता येते, फलंदाजी नाही. म्हणजे बास्केटबॉलमधली तीन मिनिटेही तिथे मिळत नाहीत. इतके थांबून त्या कसोटीत त्याने धावा केल्या सात आणि एक. त्याच रहाणेने डिसेंबर 2020 मध्ये मेलबर्नला कर्णधार म्हणून 112 धावा काढल्या. श्रीरामपूरचा झहीर खान तरुणपणी मुंबईत शिकला, पण रणजी करंडकाचा पहिला सामना खेळला बडोद्याकडून. थांबणे हा एक मार्ग, आणि जिथे गोलंदाजी मिळेल तिथे जाणे हा दुसरा. दोन्ही मार्ग आपल्याच मातीतल्या मुलांनी चालून दाखविले आहेत.

आता प्रशिक्षकांनाही दोन शब्द. चौदा वर्षांखालच्या मुलांना बाकावर बसवून करंडक जिंकण्यात मला काही पुरुषार्थ दिसत नाही. त्या वयात प्रत्येकाला मैदान मिळालेच पाहिजे. कॉलेजच्या मुलांना निदान कारण तरी सांगा. "तुझा डावा हात कच्चा आहे" एवढे एक वाक्य ऐकले तर मुलगा महिनाभर डाव्या हाताने चेंडू मारील. काहीच न सांगितल्यास तो खेळ सोडतो, आणि जातपात, गाव, भाषा यांचे संशय घरोघर वाढतात.

काही पालकांची घाई नोकरीसाठी असते. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, हे खरे. पण त्यासाठी राज्य पातळीवर किंवा त्याहून वरच्या स्पर्धेतील यश लागते. जिल्ह्याच्या सामन्यात दहा मिनिटे जास्त मिळाल्याने ते पदरात पडत नाही.

तेव्हा विचारावयाचे असेल तर सामन्याच्या दिवशी नको. तेव्हा सरांचेही डोके तापलेले असते. दोन दिवसांनी सरावाच्या वेळी जा. प्रश्न मुलालाच विचारू द्या, आणि तोही असा: "सर, पाच मिनिटे मिळण्यासाठी मी काय सुधारू?" उत्तर वहीत लिहून घ्या. महिन्याने तीच वही घेऊन पुन्हा जा. सबंध हंगाम उत्तरच मिळाले नाही, तर प्राचार्यांकडे जाण्याचा आपणांस पूर्ण हक्क आहे.

वेळ झाली आहे. विद्यार्थ्यांना काही विचारावयाचे असल्यास चहापानानंतर मी बाहेर मैदानावर थांबतो.