कोणाच्या दारी जावे? मुक्तस्रोत आज्ञावली आणि अल्प निधीतील प्रसार

जी वस्तू विनामूल्य मिळते तिला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. मुक्तस्रोत आज्ञावलींचा अनुभव या समजाला दुजोरा देत नाही. जिची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता व वाटता येते, ती मुक्तस्रोत आज्ञावली. ती घेण्यास पैसे पडत नसले, तरी शिकण्यास वेळ लागतो, जुन्या नोंदी तिच्यात उतरवाव्या लागतात आणि अडचण आल्यास कोणाला विचारावे ही चिंता राहते. म्हणून तिचाही प्रसार करावा लागतो आणि प्रसार करणाऱ्यांपाशी पैसा बहुधा तुटपुंजाच असतो. अशा वेळी ‘कसे सांगावे’ याआधी ‘कोणाला सांगावे’ हे ठरविणे अगत्याचे असते.

याचे एक बोधप्रद उदाहरण ग्रंथालयांच्या क्षेत्रातच आढळते. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासाची जुनी संगणकप्रणाली २००० साल उजाडताच निरुपयोगी ठरणार होती. १९९९ मध्ये न्यासाने कॅटिपो कम्युनिकेशन्स या संस्थेकडून नवी आज्ञावली लिहून घेतली. जानेवारी २००० मध्ये ती कामास लागली. तिचे नाव ‘कोहा’. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, पण परतफेडीची जाणीव मनात ठेवून दिलेली. न्यासाने ती सार्वजनिक परवान्याखाली सर्वांना खुली केली.

कोहाचा ग्राहकवर्ग तिच्या जन्मातच ठरलेला होता. पुस्तकांची देवघेव, तालिका, सभासदांच्या नोंदी ही कामे जगभरच्या ग्रंथालयांत सारखीच असतात. एका ग्रंथपालाचा अनुभव दुसऱ्याला जाहिरातीहून अधिक विश्वसनीय वाटतो. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या नेल्सनव्हिल सार्वजनिक ग्रंथालयाला कोहा हवी होती. परंतु ‘मार्क’ या प्रमाणित नोंदपद्धतीची सोय तिच्यात नव्हती. ती करून घेण्यासाठी त्या ग्रंथालयाने पैसा पुरविला आणि त्या कामाचा लाभ सर्वांनाच झाला. पुढे भारतातील अनेक महाविद्यालयांच्या व विद्यापीठांच्या ग्रंथालयांनीही कोहा स्वीकारली.

यावर कोणी फायरफॉक्सचा दाखला देईल. १६ डिसेंबर २००४ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये या आज्ञावलीची दोन पानांची जाहिरात प्रसिद्ध झाली, हे खरे. परंतु तिचा खर्च सुमारे दहा हजार व्यक्तींच्या वर्गणीतून उभा राहिला होता आणि त्यांची नावे जाहिरातीतच छापली होती. म्हणजे आधी आस्थेवाईक वापरणारे जमले, मग सर्वसामान्य वाचकाला हाक घातली गेली. हा क्रम उलटा करण्याचा मोह अल्पधनिकांनी टाळावा.

चुकीच्या वर्गाकडे गेल्याने केवळ पैसाच वाया जातो असे नाही. नवा वापरणारा प्रश्न घेऊन येतो आणि उत्तर देणारे बहुधा मूठभर स्वयंसेवकच असतात. ज्यांची गरज आज्ञावलीने भागत नाही, अशांची गर्दी झाली तर त्यांची शक्ती समजूत घालण्यातच खर्ची पडते. येणारा निराश होतो, कार्यकर्ता थकतो आणि चांगले कार्य बंद पडते.

म्हणून निवड करताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, सध्याच्या व्यवस्थेचा जाच कोणाला खरोखर होत आहे? दुसरी, बदल करण्याचा निर्णय त्याच्या हाती आहे काय? जो रोज काम करतो आणि जो मंजुरी देतो ते वेगळे असतील, तर दोघांशी निरनिराळे बोलावे लागते. तिसरी, तो आपला अनुभव समव्यवसायी मंडळींना सांगेल काय आणि श्रम, सूचना वा द्रव्य यांपैकी काही परत देईल काय? या कसोट्यांना उतरणारी दहा ग्रंथालये हजारो अनोळखी वाचकांहून मोलाची होत.

बियाणे मूठभर असेल तेव्हा शेतकरी ते माळावर उधळीत नाही. वाफसा आलेली जमीन पाहून पेरतो. त्या पिकातूनच पुढच्या हंगामाचे बियाणे निघते आणि मग अधिक जमिनीचा विचार करता येतो.