अण्णाभाऊंची गाणी रंगमंचावर

अण्णाभाऊ साठे यांच्या गाण्यांचा कार्यक्रम वालचंदनगरात करायचा, तर आम्हा युनियनवाल्यांचा एक हट्ट राहील. ‘माझी मैना’ अर्ध्यावर तोडू नका. आधी पोटासाठी मुंबईला गेलेल्या कामगाराची गावी राहिलेली बायको येते. तिथे टाळ्या पडतातच. पण पुढे तीच मैना बेळगाव-कारवार होते, आणि गाणे संयुक्त महाराष्ट्राचे होते. ते गाळले की उरते नुसती विरहाची लावणी.

१९४४ साली अण्णाभाऊ, गव्हाणकर आणि अमर शेख यांनी लाल बावटा कलापथक काढले. शब्द अण्णाभाऊंचे, गळा अमर शेखांचा. निवेदकाने दोन्ही नावे घ्यावीत. १८ जुलै १९६९ ला अण्णाभाऊ निवर्तले. दीड महिन्याच्या आत, २९ ऑगस्टला, अमर शेख आपल्याच इंदापूरजवळ मोटार अपघातात गेले.