उत्तरध्रुवावरचे गवत



स्मृतिव्याख्यानाचा मान आपण साहित्याच्या एका निवृत्त शिक्षकाला दिलात आणि त्याने विषय निवडला तो भूगोलाचा, याचे काहींना नवल वाटले असेल. साहित्यातील दूरचा प्रदेश वाचताना आपण तेथील देव, राजे आणि युद्धे पाहतो. तेथे दिवस केवढा, पाणी कोठून येते, गुरे काय खातात, हे मात्र सहसा विचारीत नाही. ते विचारल्याने काय हाती लागते, एवढेच मला आज एका थंड, उत्तरेकडील प्रदेशाच्या आधारे सांगायचे आहे.

तो प्रदेश मराठी वाचकाला अपरिचित नाही. लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. वैदिक आर्यांचे मूलस्थान उत्तरध्रुवाच्या परिसरात होते, हा त्यातील सिद्धांत. लोकमान्यांच्या दृष्टीने ही कल्पना नव्हती, ऋचांवरून काढलेले अनुमान होते. त्या अनुमानाचा पाया आकाश हा आहे.

आपली सुरत सुमारे २१ अक्षांशावर वसलेली आहे. येथे ध्रुवतारा क्षितिजापासून तितकेच अंश वर दिसतो आणि पहाट तासा-सव्वा तासात सरते. ध्रुवावर तो तारा माथ्यावर असतो. इतर तारे तेथे उगवत नाहीत, मावळत नाहीत. कुंभाराच्या चाकाप्रमाणे आडवे फिरतात. वर्षातून एकच सूर्योदय, एकच सूर्यास्त. आणि सूर्योदयापूर्वीचा प्रकाश कित्येक आठवडे क्षितिजाभोवती प्रदक्षिणा घालीत राहतो. उषेचे एवढे कौतुक का, तैत्तिरीय संहितेत तीस उषाभगिनी का, देवांचा दिवस सहा महिन्यांचा का, या प्रश्नांची उत्तरे लोकमान्यांनी या आकाशात शोधली. ग्रंथातील शब्दाला भौगोलिक अर्थ असू शकतो, हा त्यांचा आग्रह आजही शिकण्यासारखा आहे.

परंतु इतिहास म्हणून हा सिद्धांत टिकत नाही, हे शाळेच्या व्यासपीठावरून स्पष्टच सांगितले पाहिजे. ध्रुवाभोवती खोल समुद्र आहे. नान्सेन यांच्या १८९३ ते १८९६ च्या ‘फ्राम’ मोहिमेने ते दाखवून दिले होते. लोकमान्यांनी हिमयुगापूर्वीचा ध्रुवप्रदेश सौम्य हवामानाचा मानला आणि ते हिमयुग इसवी सनापूर्वी आठ-दहा हजार वर्षांच्या सुमारास धरले. शेवटचे हिमयुग सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी संपले, हे खरे. पण त्याआधीचा उबदार काळ सव्वा लाख वर्षांइतका मागे आहे. भाषाशास्त्र, पुरातत्त्व आणि प्राचीन अवशेषांतील डीएनए यांच्या आधारे आज बहुसंख्य अभ्यासक युरेशियाच्या गवताळ मैदानांकडे बोट दाखवितात.

गवताळ मैदाने! प्रश्न अखेर गवतापाशीच येतो. ऋग्वेदात पावलोपावली गायी आहेत. त्या ध्रुवप्रदेशात काय खाणार? तेथे जमिनीखालचा थर बारमाही गोठलेला असतो. उन्हाळ्यात वरची थोडी माती सुटते, पण मुळांना खोल जाता येत नाही. म्हणून टुंड्रा प्रदेशात मोठे वृक्ष नाहीत. पाऊस अल्प, तरीही पाणी खाली मुरत नसल्याने जागोजागी दलदल. रेनडियर हिवाळ्यात बर्फ उकरून जे खातात ते आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचे गणगोत. त्याची वाढ इतकी मंद की, एकदा चरलेले रान पुन्हा भरायला कित्येक वर्षे लागतात. अशा भूमीत कळपाला सतत हिंडावे लागते आणि माणसाला कळपामागून. प्रकाशाने तेथील ऋतू कळतात. पोट कसे भरते, हे जमीन पाहिल्याखेरीज कळत नाही.

हा जमिनीचा विचार ज्या प्राचीन ग्रंथात आहे, त्याचा या नगरीशी जुना ऋणानुबंध आहे. आंकेतिल द्युपेराँ हा फ्रेंच तरुण १७५८ मध्ये सुरतेस आला, पारशी दस्तूर दाराब यांच्याकडे अवेस्ता शिकला आणि १७७१ मध्ये त्याने पॅरिसला तिचे भाषांतर छापले. युरोपला अवेस्ता कळली ती तापीकाठच्या गुरूमुळे. त्या अवेस्तेतील ‘वेंदिदाद’ या भागात ऐर्यन वेज नावाची आदिभूमी आहे. तेथे दहा महिने हिवाळा, दोन महिने उन्हाळा. अहुर मज्द यिमाला, म्हणजे आपल्या यमाच्या भावबंदाला, सावध करतो की, प्राणघातक हिवाळा येणार आहे आणि बर्फ वितळले की पाणी कुरणांवर पसरेल. म्हणून त्याने ‘वर’ नावाचे आवार बांधावे, पाण्याचा पाट काढावा आणि उत्तम माणसे, गुरे, पक्षी व वनस्पती यांची बीजे तेथे जपावीत. त्या आवारात वर्ष एका दिवसासारखे वाटते. लोकमान्यांनी या कथेची दखल घेतली ती आपल्या सिद्धांताचा पुरावा म्हणून. माझ्या मते तिचे मोल निराळे आहे. संकट येताच तिच्या कर्त्याला सिंहासन आठवले नाही. कुरण, पाणी आणि बी आठवले.

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, ७८ अक्षांशावर, २००८ साली जगातील पिकांच्या बियाण्यांचे कोठार डोंगरात उघडले. त्याच वर्षी त्याच द्वीपसमूहात भारताचे ‘हिमाद्री’ संशोधन केंद्रही सुरू झाले; गोव्यातील राष्ट्रीय संस्था ते चालविते. २०१६ मध्ये वितळलेले पाणी त्या कोठाराच्या प्रवेशबोगद्यात शिरले. बियाणे सुरक्षित राहिले, पण इशारा मिळाला. १९७९ पासून ध्रुवप्रदेश पृथ्वीच्या सरासरीच्या सुमारे चौपट वेगाने तापला आहे. यिमाला भय होते हिवाळ्याचे. आपल्याला भय आहे हिवाळा उणावण्याचे.

ही दूरची गोष्ट नव्हे. गुजरातच्या किनाऱ्यावरील चिखलात थंडीत लगबगीने किडे टिपणारा छोटा टिलवा त्याच टुंड्रात अंडी घालून येतो. तेथील दलदल बिघडली, तर येथला किनारा सुना होईल.

शिक्षकमित्रांना एकच विनंती करतो. लोकमान्यांचा ग्रंथ विद्यार्थ्यांच्या हाती अवश्य द्या. पूजेसाठी नव्हे, तसा टाकून देण्यासाठीही नव्हे. तो आणि कल्पनेतील इतर कोणताही प्रदेश वाचताना मुलांना विचारावयास लावा: येथे सूर्य कोणत्या बाजूने उगवतो? पाणी कोठे जाते? गुरे काय खातात? असे विचारणारा विद्यार्थी मोठ्या नावाला नमस्कार करील आणि नमस्कार करूनही त्याचे म्हणणे तपासून घेईल. हे दोन्ही ज्याला साधते, त्यालाच मी वाचक म्हणतो.